त्रेचाळीस नंबरचा खण

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. सूनबाई अजून चहात दोन चमचे साखर घालते, डॉक्टरांना सांगू नकोस.

आपलं तंत्र विद्यापीठ शंभर वर्षांचं होतंय आणि त्याचा इतिहास लिहायचं लोढणं कुलगुरूंनी माझ्या गळ्यात अडकवलंय. निवृत्त माणूस म्हणजे मोकळाच, असा सगळ्यांचा समज. रोज दुपारी ड्रॉइंगच्या जुन्या हॉलमध्ये बसतो. उंच खिडक्यांतून ऊन येतं, धूळ तरंगते, आणि शंभर वर्षं समोरून हळूहळू चालत जातात. आधी पत्र्याच्या शेडमध्ये जमीन मोजायला शिकणारे बारा जण. मग लोहारकाम, मग वीज, मग कॉलेज, मग विद्यापीठ. रचनेचा तक्ताही काढलाय: वर कुलगुरू, खाली विद्याशाखा, त्याखाली विभाग, अगदी तळाशी वर्कशॉप. डुलकी लागली की तक्ता उलटा होतो आणि वर्कशॉप सगळ्यांच्या वर, ढगांत जाऊन बसतं.

तिथला रिवाज आठवतो ना? पहिल्या वर्षी प्रत्येकाने कानशीने घासून लोखंडाचा चौकोनी ठोकळा करायचा, त्यावर आपला नंबर ठोकायचा आणि तुकडीच्या कपाटात आपल्या खणात ठेवायचा. कायमचा. ठोकळा नाही तर दुसरं वर्ष नाही. फोरमन काटकोनाचा गुण्या लावून तो उजेडासमोर धरायचे. फट दिसली की ओरडायचे, "सूर्य आत आला! परत घासा!"

काल आपल्या दोघांच्या तुकडीचं ते कपाट उघडलं. त्रेचाळीस, तुझा खण, रिकामा. चव्वेचाळीसमध्ये माझा ठोकळा.

ताई, चहासाखरेच्या गप्पा मारत इथवर आलो, आता लिहितोच. तो ठोकळा तुझा आहे. माझ्या ठोकळ्यात सूर्य सात वेळा आला होता. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी तुझा बाकावर पडला होता, नंबर ठोकायचा राहिलेला. मी माझा ठोकला. दोन दिवस तू बाकांखाली शोधत होतीस आणि मी तुझ्याबरोबर शोधत होतो. फोरमन म्हणाले, "नियम तो नियम." बाबा म्हणाले, "पुरे झालं आता शिक्षण." तू शाळेत गणित शिकवायला लागलीस, मी विभागप्रमुख झालो. तू कधी काही विचारलं नाहीस, फक्त इकडे यायची थांबलीस. मला लाज वाटते गं. पंचेचाळीस वर्षं वाटते आहे.

आज तो ठोकळा खिडकीत धरला. अजूनही सूर्य आत येत नाही.

इतिहासात हे सगळं लिहिलं आणि सकाळी पानं छापखान्यात देऊन आलो. समितीतले कुजबुजतील, कुजबुजू देत. ठोकळा तुझ्या खणात ठेवलाय. त्यावर नंबर अजून माझाच आहे; तो पुसायला मी हात लावला नाही. शेजारी कानस ठेवली आहे. 'ये' म्हणायला मला तोंड नाही, पण कपाटाला कुलूप लावलेलं नाही.

तुझा भाऊ,
खण चव्वेचाळीस, रिकामा