करंगळीकडे निघालेला माल

अकोला, गुरुवार, कार्तिक, सन १९६५

आज पुन्हा खोबरेल आले, अडीच रुपये. यांच्या करंगळीसाठी. काचेने मनगट कापले तेव्हा डॉक्टरांनी तुटलेला मज्जातंतू शिवला, पण करंगळी अजून बधिरच. नागपूरला डॉक्टरकी शिकणारी आमची सुमन लिहिते, तंतूच्या आत फार बारीक नळ्या असतात, त्यांच्या आधाराने कण्याकडून वाढीचा माल खाली येतो, तेव्हा तंतू हळूहळू वाढतो; त्याचे टोक जिथवर पोचले तिथे टिचकी मारली की बोटात मुंग्या येतात. मग मी करंगळीलाच तेल चोळत बसले, ते फुकट गेले का? आज रामरक्षा म्हणता म्हणता तळहातावर टिचकी मारून पाहिली. हे म्हणाले, “काहून छळून राहिली व? करंगळीत मुंग्या चालून राहिल्या.” मागच्या महिन्यात मनगटावर मारली तरच येत. देवापुढे साखर ठेवली. सुमनला लगेच कार्ड टाकते: माल तळहातापर्यंत आला असे समजू का? उलट टपाली कळव.