दोऱ्यावरचं माप

बदलापूर (पूर्व)
ता. १ डिसेंबर १९८८

सौ. उमाबाई यांस,
सलाम.

पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी सुवार्ताची दुसरी वेणी घालत होते. ती अर्धीच राहिली. अक्षर ओळखीचं नव्हतं. पाकिटामागे उल्हासनगर कॅम्प नं. ३ वाचलं आणि कळलं.

लग्नानंतरचा तुमचा हा पहिला नाताळ. माहेरी हा सण नव्हता, सासरी सांगणारं कुणी नाही, म्हणून मला विचारलंत हे बरं केलंत. मधुकररावांना विचारून उपयोग नाही हेही खरं. माझी बहीण मंजुळा होती तेव्हाही त्यांना नाताळचं फक्त खायचं ठाऊक होतं.

वेगळं काही नसतं. करंज्या, चकल्या, रव्याचे लाडू. तुम्ही दिवाळीत केलंत तेच. दारात कंदिलाऐवजी चांदणी. सकाळी अंबरनाथच्या चर्चमध्ये उपासना, मग सगळे आमच्याकडे जेवायला. मुलांना नवे कपडे.

सुवार्ताचा फ्रॉक तुम्ही शिवू म्हणता. तिची आई तिचे कपडे स्वतः शिवायची. मंजुळाला जाऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून मुलगी माझ्याकडे आहे आणि नाताळला आईने शिवलेलाच फ्रॉक घालते. यंदा नवा लागेल हे मलाही दिसतं. घरात टेप सापडत नाही, म्हणून माप दोऱ्यावर घेतलं आहे. दोरा सोबत आहे. मोकळ्या टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत उंची, तिथून दुसरीपर्यंत छाती, तिथून तिसरीपर्यंत बाही.

मधुकरराव मागच्या रविवारी म्हणाले की नाताळ झाला की मुलीला कायमची घरी नेणार. तिकडच्या शाळेतही विचारून आले म्हणे. मी चहा टाकला.

प्रभू तुम्हां दोघांना सुखी ठेवो.

मालिनी


उल्हासनगर, कॅम्प नं. ३
ता. ५ डिसेंबर

तीर्थस्वरूप मालिनीताई यांस,
उमाचा सा. न. वि. वि.

उत्तर आलं तर पाच ओळींचं येईल, असं हे म्हणाले होते. पानभर आलं. हे पैज हरले. रविवारी जिलबी आणणार आहेत.

हे म्हणतात, दोन स्टेशनांवर राहता आणि पत्रं कसली लिहिता, दर रविवारी मी जातोच, निरोप देतो. हे अर्धा निरोप विसरतात आणि तेवढाच स्वतःचा घालतात. म्हणून पत्र. शिवाय मी दोनदा तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या तोंडून काही निघालं नाही. दोन्ही वेळा सुवार्ताने मला तांब्याभांडं आणून दिलं आणि आत गेली. वळण चांगलं आहे. पण पाहुणीला देतात तसं पाणी होतं ते.

चांदणी आणली. दुकानदार म्हणाला, दिवाळीतला उरलेला कंदील आहे, पण टोकं पाच आहेत, चालवून घ्या. कारखान्यातल्या बायका विचारतात, तू आता केक करणार का. करंज्या करणार म्हटलं तर विश्वास बसेना. एक म्हणाली, मग बदललं काय तुझं?

दोरा मिळाला. पाकिटात गुंतला होता, पण गाठी शाबूत आहेत. रंग कुठला आवडतो ते कळवा. मी रोज लहान मुलींचे फ्रॉकच शिवते, दिवसाला वीस-बावीस. कोण घालणार हे माहीत असलेला हा पहिलाच.

एक विचारते. आईचा सोडून माझा घालायला ती तयार आहे का? नसेल तर सांगा. जबरदस्तीचा कपडा अंगाला टोचतो.

लोभ अजून कमवायचा आहे. तोवर राग तरी नसावा.

उमा


बदलापूर
ता. ९ डिसेंबर

सौ. उमा हिस,
सलाम.

रंग पिवळा.

जुन्या फ्रॉकचं सांगते. मंजुळाने तो पंच्याऐंशीच्या नाताळला शिवला, सुवार्ता चार वर्षांची असताना. वाढत्या अंगाचा. खाली घेराला दोन दुमडी घालून ठेवल्या होत्या, दरवर्षी एक उसवायची म्हणून. पहिली मी शहाऐंशीत उसवली, दुसरी मागच्या वर्षी. कापड विटलं आहे, पण दुमडी होत्या तिथे मूळचा रंग राहिला आहे. दोन गडद पट्टे दिसतात. माझ्या शमूला वाटतं ती फॅशन आहे.

सुवार्ताला विचारलं. बघू, म्हणाली. हे उत्तर ती आजीकडून शिकली.

मधुकररावांचा विचार मी आईच्या कानावर घातला. आई म्हणाली, बाप आहे, नेणारच. मग तिने दिवसभरात रवा तीन वेळा चाळला.

मुलगी दुसरीत आहे. सहामाहीत वर्गात तिसरी आली. वर्षाच्या मध्ये शाळा तोडणं बरं नाही. हे मी शिक्षिका म्हणून सांगते, मावशी म्हणून नाही.

चर्चच्या कार्यक्रमात ती मेंढपाळ आहे आणि शमू मेंढरू. पाळकसाहेबांनी तिला देवदूत हो म्हटलं होतं. पंख टोचतात, म्हणाली. मेंढरू मात्र ऐकत नाही. काल तालमीत ते मेंढपाळालाच चावलं.

मुलांचे तुम्हांला सलाम.

मालिनी


उल्हासनगर
ता. १४ डिसेंबर

ती. मालिनीताई यांस,
सा. न. वि. वि.

मेंढपाळाला कुठे चावलं ते कळवा. फार लागलं नसेल अशी आशा.

फ्रॉक झाला. बाजारातून पिवळं पॉपलिन आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत शिवलं. शेठने पाहिलं. म्हणाले, चार दिवस एकाच पीसवर बसली आहेस, हा माल कुठल्या पार्टीचा? बदलापूरची पार्टी आहे म्हटलं, फार कडक आहे. तर म्हणाले, कडक पार्टीच पुन्हा ऑर्डर देते.

दोऱ्याबरहुकूम शिवला आहे. सूतभर इकडे तिकडे नाही.

ह्यांनी सुवार्तासाठी भिंतीला खुंटी ठोकली. पहिल्यांदा माझ्या खांद्याएवढी उंच ठोकली. म्हटलं, अहो, तुमची मुलगी सात वर्षांची आहे. मग खाली ठोकली. वरचं भोक तसंच आहे. रविवारी दोन तास बघून मूल किती उंच आहे ते कळत नाही, असं नंतर स्वतःच म्हणाले. ते मुलीसाठी झुरतात, ताई. तुमच्यासमोर दाखवत नाहीत.

माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. दुसरी आली ती वाईट नव्हती. मी तिने वाढलेलं जेवत नसे. शेजारी जाऊन जेवायची. आता ती नाही. अलीकडे तिची आठवण होते.

तुम्ही शाळेचं लिहिलंत ते मनात ठेवलं आहे.

लोभाचं मागच्या पत्रात लिहिलं, तेच पुन्हा.

उमा


बदलापूर
ता. १९ डिसेंबर

चि. सौ. उमा हिस,
अनेक आशीर्वाद.

टेप घरातच आहे. मंजुळाच्या शिवणाच्या डब्यात. ती कधी हरवली नव्हती.

दोरा खोटा आहे. मी तो मुलीच्या अंगावरून घेतला नाही. ती शाळेत गेल्यावर जुना फ्रॉक पलंगावर पसरला आणि त्याच्यावरून घेतला. तो मागच्या वर्षीच तिला काखेत काचत होता. ते मला ठाऊक होतं.

का केलं तेही लिहिते. नवा फ्रॉक बसणार नाही. सुवार्ता म्हणेल, हिला माझं मापही माहीत नाही. आणि जाणार नाही. दोरा पसरताना हे मनात नव्हतं. पाकिटात घालताना होतं. तरी घातला.

सूतभर इकडे तिकडे नाही, असं तू लिहिलंस. ते वाचून चार दिवस उत्तर लिहिता आलं नाही. मी वर्गात खोटं बोललेल्या मुलींना बाकावर उभं करते.

आता दिवस उरले नाहीत. पुन्हा शिवत बसू नकोस. ती शाळेच्या कपड्यांत चर्चला येईल. चूक कुणाची ते मी मधुकररावांना स्वतः सांगेन. तुझ्यावर येऊ देणार नाही.

शनिवारी, चोवीस तारखेला दुपारीच या. रात्री इथेच राहा. करंज्यांना हात लागतात. आईच्या हाताला आता कंप आहे, कडा नीट मिटत नाहीत.

हे सगळं वाचूनही यावंसं वाटलं तर.

मालिनी


उल्हासनगर
ता. २१ डिसेंबर

ती. ताई,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या हातीच देते आहे, पोस्टाने वेळेत पोचणार नाही. पाकीट चिकटवलं म्हणून रागावले आहेत. कारखान्यात दिवसभर राबायचं आणि वर टपालखातं चालवायचं, म्हणतात. त्यांना काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही.

दोरा हातात घेतला तेव्हाच मला समजलं होतं. आमच्याकडे फ्रॉक नंबराने कापतात. सात वर्षांच्या मुलीचा नंबर मी झोपेत सांगेन. आणि दोनदा तिच्या हातून पाणी घेतलं आहे, खांदे बघितले आहेत.

पण माप तुम्ही पाठवलेलं. ते मोडायचा अधिकार मला कुठला? म्हणून शिवण दोऱ्यावर घातली आणि कापड तिच्या नंबराचं कापलं. जास्तीचं सगळं आत आहे. बगलेपासून खाली दोन्ही अंगांना दीड-दीड बोट, बाह्यांत बोटभर, घेराला दोन दुमडी. बाहेरून दिसत नाही. उसवायला दहा मिनिटं लागतील, पुन्हा शिवायला पंधरा. मंजुळाताईंचं मशीन तुमच्याकडे आहे, असं हे म्हणतात.

उसवायचं की नाही ते तुम्ही सांगा. मी ब्लेड घेऊन येते. नको म्हणालात तर फ्रॉक माझ्या हातून लहान झाला असं म्हणू. माझ्या हातून बिघडलेले पुष्कळ आहेत. त्यात एक.

मात्र एक गोष्ट मी ह्यांच्याशी भांडून ठरवली आहे. शाळा मध्ये तोडायची नाही. जूनपर्यंत मुलगी तुमच्याकडे. आता फक्त नाताळची सुट्टी आमच्याकडे, आठ दिवस. तेही तिने हो म्हटलं तर. हे आधी अडून बसले. मग काल स्वतःच म्हणाले, मेंढपाळाला आठ दिवसांची तरी रजा मिळेल ना?

चोवीसला दुपारी येतो. करंज्यांच्या कडा मला चांगल्या मिटता येतात. शिवणकाम करणारीला तेवढं यायलाच हवं.

उमा


उल्हासनगर
ता. २७ डिसेंबर

ती. मालिनीताई यांस,
सा. न. वि. वि.

आम्ही रविवारी सुखरूप पोचलो. डबे उतू जात होते. शेजारी वाटले. वाण्याच्या बायकोने करंजी खाऊन पाहिली आणि म्हणाली, ही तर आमच्यासारखीच आहे. मी म्हटलं, सुवार्ताच्या आजीच्या, वेणूबाईंच्या हातची आहे, तुमच्यासारखी नाही.

शनिवारी दुपारी तुम्ही ब्लेड मागितलंत, तेव्हा माझ्या पिशवीत ते पटकन सापडेना. एक बाजू तुम्ही उसवलीत, एक मी. रोज हेच काम करते, तरी तुमची बाजू आधी संपली. आजी बघत होत्या. अडीच वर्षांत मशीनवरचं कापड कुणी काढलं नव्हतं, हे त्यांनी मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. आधी समजलं असतं तर मी ते काढायला धजले नसते.

घेराच्या दुमडी ठेवल्या ते बरं केलं. पुढची दोन वर्षं निघतील. उसवायचं काम तुमच्याकडे.

निघताना सुवार्ता मागे वळून बघेल असं वाटलं होतं. शमूने मेंढरासारखा आवाज काढला तेव्हाच वळली, आणि हसली. तुम्ही दारात होतात, तुम्हांला दिसलं असेल. इथे शेअर रिक्षात ती ह्यांच्या मांडीवर बसली आणि कॅम्प तीन येईपर्यंत झोपली. ह्यांचा पाय बधिर झाला. हलवला नाही.

घरात आल्यावर खुंटी कुणाची ते विचारलं. तुझी म्हटलं. वरचं भोक कशाचं? तेही सांगितलं. मग तिने बापाकडे बराच वेळ पाहिलं.

पिशवीच्या तळाशी जुना फ्रॉक निघाला. तो तुम्ही ठेवून घ्याल असं मला वाटलं होतं. तो आधी खुंटीला लावला आहे, पिवळा त्याच्यावर. दोन जानेवारीला ह्यांच्याबरोबर तिला आणून सोडते. तेव्हा टेप काढून ठेवा. पुढच्या वर्षीचं माप तुम्हीच घ्या, पण मुलीवरून.

आजींना नमस्कार, शमूला गोड पापा. लोभ थोडा मिळाला आहे, तो काढून घेऊ नये.

उमा

ता. क. सोमवारी सकाळचं लिहायचं राहिलं. ती आमच्या आधी उठली. फणी आणि रिबिनी घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. घट्ट घाल, एवढंच म्हणाली. मी दोन्ही वेण्या घातल्या. एक वर झाली, एक खाली. तशीच खाली खेळायला गेली.