सतरा नंबरची नळी

३ मार्च

सतरा नंबर म्हणजे मी!

बंद पाकिटातली यादी आज उघडली. चाळीस निरोगी माणसांचं रक्त, तीन वर्षांपूर्वी घेतलेलं, नळ्यांवर फक्त आकडे. एकोणचाळीस जणांत ती अँटीबॉडी नाही. सतरामध्ये आहे, आणि थोडीथोडकी नाही. सरांचं बोट यादीवरून खाली आलं, थांबलं. मग चष्मा पुसत बसले. "ही तुझी आहे गं."

अठरा वर्षं मी हेच तर शोधलं – फुप्फुस आतून घट्ट होत जाण्याचा आजार धाप लागायच्या चार-पाच वर्षं आधी रक्तातल्या या अँटीबॉडीवरून कळतो. सभांमधून छाती पुढे काढून सांगितलं. त्या चार-पाचांतली तीन वर्षं गेली. माझ्याकडे उरली किती? एक? दोन?

४ मार्च

घड्याळ लावून तीनदा जिना चढले. धाप लागली! मग आठवलं, मी एरवी जिना चढतच नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

५ मार्च

दिवसभर बाबाच डोळ्यांसमोर. शेवटच्या वर्षी एका वाक्यात दोनदा थांबायचे. आईला हाक मारायलाही दम पुरेना, तेव्हा पेल्यावर चमचा वाजवायला लागले. आम्ही दोघी बहिणी हसायचो – घंटा झाली, शाळा भरली! तेही हसायचे, आणि हसताना खोकायचे.

त्यांच्यामुळेच मी या विषयात आले. आजार कसा चालतो ते मला पायरी-पायरीने पाठ आहे. पाठ नसतं तर बरं झालं असतं. मला भीती वाटते. इथे लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

७ मार्च

धाकटी येऊन गेली. "ताई, तोंड का एवढंसं झालंय? उंदीर मेले का तुझे?" प्रयोगशाळेतल्या उंदरांची ती माझ्यापेक्षा जास्त चौकशी करते.

शाळेत खेळ शिकवते, घोड्यासारखी तब्येत. हल्लीची मुलं शिट्टीला दाद देत नाहीत म्हणे, म्हणून टाळ्या वाजवते. मुलांच्या नकला करून दाखवल्या. मी हसले खरी, पण मनात एकच – माझ्यामागे हिला कोण? आई नाही, बाबा नाहीत. जिभेवर आलं होतं, गिळलं. तिचा जीव कशाला टांगणीला लावू?

९ मार्च

ताजं रक्त दिलं. आमच्याकडे रक्त घेणाऱ्या बाईंना सगळे सुईबाई म्हणतात, बोलणंही तसंच. "मॅडम, हात सैल सोडा. लोकांना सांगता ना, मुंगी चावल्यासारखं वाटेल? मग?" लोका सांगे ब्रह्मज्ञान! निकाल शनिवारी.

१० मार्च

जेवण गेलं नाही.

१२ मार्च

कपाटातले कागद नीट लावून ठेवले. का लावले ते धाकटीला कळू नये.

१४ मार्च

शून्य! चाचणी दोनदा लावून बघितली. शून्य!!

ही अँटीबॉडी एकदा आली की जात नाही, हे मीच छापलंय. म्हणजे सतरा नंबर माझा नाहीच! भांडारातल्या खुर्चीवर बसून रडले. सुईबाईंनी पाणी आणून दिलं, वर चक्क स्वतःचा रुमालही.

सर मात्र गंभीर. "मग तुझ्या नावावर रक्त कुणाचं गेलं? शोध. त्या माणसाला कळायला हवं." शोधते म्हटलं. मनात मात्र – कुणाचं का असेना, माझं नाही! लाज वाटली. तरी तसंच वाटत राहिलं. सगळ्यांना चहा पाजला, दोनदा.

१६ मार्च

या कामासाठी मी पाच-सहा वेळा रक्त दिलंय, कुठली वेळ कोणती ते डोक्यात राहत नाही. म्हणून त्या वर्षीची वही काढली. माझंच अक्षर:

"१९ फेब्रुवारी. नाक गळतंय. सर्दीवाल्याचं रक्त चालत नाही, आणि चाळिसात एक कमी! चार वाजता गाडी नळ्या न्यायला येणार. धाकटी सहज डोकावली होती, तिलाच खुर्चीत बसवलं. नळी माझ्या नावावर. कुणाला कळतंय! बिस्किटांचा अख्खा पुडा तिने एकटीने फस्त केला."

हल्ली ती शिट्टी वाजवत नाही. टाळ्या वाजवते.