‘बी’च्या शेडमधले शब्द

३ जानेवारी १९४४, भिंगार

आज मला ‘बी’त टाकलं! कॅम्पातल्या या गुदामात माल इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेला. दोऱ्या ‘आर’च्या शेडमध्ये, तंबू ‘टी’च्या, आणि माझ्या वाट्याला ‘बी’. बूट, बकेट, बेल्ट, ब्लँकेट, बोल्ट, बकल, ब्रश, ब्रॅकेट — लढाईला लागणारं ‘बी’चं जेवढं म्हणून असेल तेवढं सगळं. चारशेच्या वर खोकी. मोठे बाबू म्हणजे हेडक्लार्क. ते म्हणाले, “आपलं अक्षर सांभाळायचं. दुसऱ्याच्या अक्षरात नाक खुपसायचं नाही.”

जोडीला गनीभाई आहेत. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं लाल, तोंडात सदा लवंग. लढाई सुरू झाली तेव्हापासून याच शेडमध्ये. नाव विचारलं. म्हटलं, श्रीमंत. त्यांनी माझा कोपरावर ठिगळ लावलेला कोट बघितला आणि पोट धरून हसले. हसू देत. सवय आहे मला.

५ जानेवारी

गनीभाईंना एकही अक्षर वाचता येत नाही! इंग्रजी नाही, मराठी नाही, उर्दूसुद्धा नाही. स्वतःच सांगून टाकलं. “हे बघ बाबा, चिठ्ठी तू वाचायची, खोकं मी काढायचं. हापिसात बोलू नको म्हंजी झालं.”

आणि खोकं काढतात कसं! बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान द्यायचा, की म्हणायचं, “बकल.” उघडावं तर बकलंच! ब्रशांचा आवाज वेगळा, ब्रॅकेटांचा वेगळा. चारशे खोकी, चिठ्ठ्या सगळ्यांवर डकवलेल्या, आणि या माणसानं चार वर्षांत एक चिठ्ठी वाचलेली नाही. मी तोंडात बोट घातलं. माझं उलटं आहे. मला चिठ्ठी वाचता येते, पण आत काय असेल ते काही कळत नाही.

८ जानेवारी

कापडबाजाराच्या बोळातून जुनी डिक्शनरी आणली. इंग्रजी तीन इयत्ता झालेल्या माणसाला ‘बी’ची सत्तर पानं म्हणजे डोंगर. रोज दोन पानं पाठ करायची असं ठरवलं आहे.

पहिल्याच दिवशी फजिती. बोल्ट — अर्गळा. गनीभाईंना ऐटीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, “अर्गळा म्हंजी काय रं?” आता मला काय ठाऊक! त्यांनी उठून एक बोल्ट आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “ही घे तुझी अर्गळा.” चांगला पावशेर वजनाचा होता.

११ जानेवारी

बॅशफुल — लाजाळू. बॅचलर — अविवाहित पुरुष. पहिला मी आहे, दुसरा नाही. पण भिंगारात कुणाला खरं वाटत नाही.

१६ जानेवारी, रविवार

सुट्टी. सदरा धुतला, खोली झाडली. खोलीत काय आहे झाडायला! एक वळकटी, एक स्टोव्ह.

मनकर्णाची फार आठवण आली. लग्नाला दोन वर्षं झाली आणि बायको माहेरी, पाथर्डीच्या पलीकडे. माझे आईबाप गेलेले, थोरल्या भावाच्या घरात आधीच अकरा माणसं. म्हणून लग्नातच मी सासऱ्यांना बाजूला घेऊन छाती पुढे काढून सांगितलं होतं, “मामा, नोकरी कायम झाली, सरकारी लाईनीत खोली मिळाली, की त्याच दिवशी न्यायला येतो.” तेव्हा वाटलं, चार महिन्यांचा प्रश्न. कसले चार महिने! एक नोकरी सुटली, दुसरी धरली, कायम कुठेच नाही.

तिला थेट पत्र लिहायचं तर चावडीवरच्या मास्तरांकडून वाचून घ्यावं लागणार. सगळ्या गावासमोर! म्हणून सासऱ्यांना लिहितो. शेवटी एक ओळ — सौ.स आशीर्वाद. आशीर्वाद! मी काय तिचा आजा आहे? पण दुसरं काय लिहायचं तेही सुचत नाही.

ब्राइड — नवरी. हा शब्द आपल्या शेडमधला. वाइफ मात्र पार ‘डब्ल्यू’च्या शेडमध्ये.

२४ जानेवारी

मोठी बातमी! अठरा फेब्रुवारीला पुण्याहून बडा साहेब तपासणीला येणार. प्रत्येक शेडमध्ये परीक्षा. साहेब दहा वस्तू विचारणार — चिठ्ठी वाचून खोकं दाखवायचं आणि वस्तू काय कामाची ते सांगायचं. जो पास होईल तो कायम. एका शेडला एकच जागा.

आनंदानं उडी मारली. मग गनीभाईंकडे बघितलं. ते लवंग चघळत बसले होते. म्हणाले, “तुझं काम झालं, श्रीमंता. सून आण आता.” माझा चेहरा पडला. चार वर्षं हे खोकी उचलताहेत, आणि मी आलो तीन आठवड्यांपूर्वी. त्यांच्या घरी बायको, बिबीजानचाची, आणि लग्नाच्या दोन मुली आहेत.

पण मला मनकर्णा आणायची आहे! हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहितो. मला ती जागा हवी आहे.

२७ जानेवारी

गनीभाईंना शिकवायला घेतलं. डबा खाऊन झाला की अर्धा तास. ‘बी’ काढून दाखवला. बराच वेळ निरखून म्हणाले, “ह्याला दोन पोटं कशापायी? लष्करात आधीच खायाला कमी हाय.”

२ फेब्रुवारी

अक्षरं काही डोक्यात शिरत नाहीत त्यांच्या. सहीपुरतं नाव मात्र गिरवून गिरवून बसलं. ते पाटीवर लिहून घरी नेलं, बिबीजानचाचींना दाखवायला. चाचींनी पाटी कोनाड्यात ठेवली आणि दोन दिवस कुणाला पुसू दिली नाही म्हणे.

उलट माझंच शिक्षण जोरात. गनीभाई प्रत्येक खोकं उघडून दाखवतात. “ब्रॅकेट बोललं की हे. भितीत ठोकायचं, वर फळी. आता डोळं मिटून हात लाव.” शब्दाचा अर्थ असा हातात आला की विसरत नाही. पण टकटक काही मला ऐकू येत नाही. सगळी खोकी सारखीच बोलतात.

९ फेब्रुवारी

पन्नास पानं झाली. ब्लेसिंग, ब्लाइंड, ब्लिस. ब्लिस — परमसुख. गनीभाई म्हणाले, “त्याचं खोकं कुठं हाय?”

१५ फेब्रुवारी

बाबूंचा हुकूम — साहेब येतोय, सगळं पांढरं झालं पाहिजे! कॅम्पातली रीतच आहे ही. साहेब यायचा म्हटलं की रस्त्याकडेचे दगड पांढरे, झाडांचे बुंधे पांढरे. उद्या आमच्या शेडची पाळी. चुना मारायला दगडाबाई आणि तिच्या चार बाया येणार. लक्ष मी द्यायचं.

माझं लक्ष कुठलं! शेवटची आठ पानं उरली आहेत.

१७ फेब्रुवारी

मेलो! मेलो! ब्लंडर — घोडचूक. पान बावन्न.

काल मी शेडच्या दारात येरझाऱ्या घालत पाठांतर करत होतो. दगडाबाई बादली घेऊन आली. “दादा, भिती झाल्या. खोकीबी घ्यायची का?” मी म्हटलं, “सगळं.” ती म्हणाली, “समदं? तोंडाकडनंबी?” मी डिक्शनरीतून मान वर केली नाही. वर ओरडलो — “एकदा सांगितलं ना, सगळं म्हणजे सगळं!”

आज सकाळी कुलूप काढलं तर चारशे खोकी बर्फासारखी पांढरी. एक चिठ्ठी दिसत नाही! ओलं फडकं लावलं तर चुन्याबरोबर कागदही निघून आला. दगडाबाईला बोलावलं. ती पदर खोचून उभी. “मी इचारलं हुतं का न्हाई? तुमीच खेकसला माज्यावर. आमी आपलं चोख काम केलं, एक बोट जागा ठिवली न्हाई.” चोखच केलं होतं.

गनीभाई आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. आणि असे हसले, असे हसले की लवंग घशात गेली. पाठीवर थापा मला माराव्या लागल्या. बाबूंच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, “मला काही माहीत नाही. साहेबाला रंग बघायचाय, रंग दाखव.”

१८ फेब्रुवारी

साहेब आला. उंच, लालबुंद, हातात छडी. शेड बघून प्रथम तर खूषच झाला — व्हेरी क्लीन! मग म्हणाला, चिठ्ठ्या कुठे आहेत? बाबूंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

साहेबानं मला विचारलं, “ब्रॅकेट?” मला स्पेलिंग येत होतं, अर्थ येत होता, कुठे ठोकायचं तेही येत होतं. फक्त खोकं माहीत नव्हतं. देवाचं नाव घेऊन एकावर बोट ठेवलं. निघाले घोड्याच्या खराऱ्याचे ब्रश. “बोल्ट?” — निघाल्या चपट्या बाटल्या. तिसऱ्याला साहेबानंच हात वर करून मला थांबवलं.

मग गनीभाई. टोपी सारखी केली आणि पुढे झाले. “बकल?” टकटक. “बकल, सर!” उघडलं — बकलं! “ब्रॅकेट?” टकटक — ब्रॅकेट! “बँडेज?” हे तर नुसतं वास घेऊन काढलं. दहापैकी दहा! कामाची विचारपूस झाली तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन वापरूनच दाखवली. वाचून दाखव म्हणायला साहेबाला शेडभर एक अक्षर उरलं नव्हतं. शेवटी तो स्वतः छडीनं खोकी वाजवून बघायला लागला, शाळकरी पोरासारखा.

मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. घरी येऊन मात्र वळकटीवर पालथा पडून रडलो. दोन्ही खरं आहे.

२१ फेब्रुवारी

बाबूंनी ऑफिसात बोलावलं. समोर गनीभाईंचा फॉर्म. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, “खरं सांग. गनीला वाचता येतं ना? येत नसलं तर बोल. जागा तुझीच होईल.”

एक शब्द बोलायचा अवकाश! लाईनीतली खोली, खिडकी, चुलीपाशी मनकर्णा — सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. घड्याळ ठोके देत होतं. मग माझंच तोंड मला ऐकू आलं — “शेडमधलं त्यांना येत नाही असं काहीच नाही, बाबूजी.”

बाबूंनी फॉर्मवर शिक्का मारला. बाहेर गनीभाई उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, दार कसलं ते, फळकूट! खिशातली लवंग काढून माझ्या हातावर ठेवली.

मी कच्चाच राहिलो. गनीभाईंच्या हाताखाली, शेड ‘बी’. पहिलं काम — चारशे चिठ्ठ्या पुन्हा लिहिणे. त्यांनी टकटक करून सांगायचं, मी लिहायचं. दिवसभर हसत होतो दोघं. रात्री नाही हसू आलं.

२३ फेब्रुवारी

सासऱ्यांना पत्र टाकलं. लपवण्यात काय अर्थ! लिहिलं की मामा, परीक्षेत नापास झालो. कायम झाल्याशिवाय सौ.स नेणार नाही असा शब्द दिला होता. तो शब्द अजून पुरा होत नाही. आणखी वर्षभर तिला तिकडेच राहू द्यावे. तिने मला दोष देऊ नये. शेवटी ‘सौ.स आशीर्वाद’ लिहिलं, ते खोडलं, आणि काहीच लिहिलं नाही.

२ मार्च

एकशे नव्वद चिठ्ठ्या झाल्या. हात दुखतो.

५ मार्च, रविवार

मनकर्णा आली! एकटी! पाथर्डीच्या कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं, अंगावर काजळी, काखेत गाठोडं, दारात उभी. मी लुंगीवर, स्टोव्हला काकडा लावत होतो. सत्तर पानं पाठ, आणि एक शब्द नाही! तिनंच गाठोडं खाली ठेवलं, खोली बघितली, म्हणाली, “येवढी मोठी खोली! लई झाली की दोघान्ला.”

मी म्हटलं, अगं, पत्र मिळालं नाही का? म्हणाली, “मिळालं. मास्तरांनी चावडीवर वाचलं, मी भितीआड हुते.” मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघून म्हणाली, “नोकरीपायी थांबला हुता व्हय तुमी? मला कुनी सांगितलंच न्हाई. मी दोन वर्सं समजत हुते, तुमाला मी आवडले न्हाई.”