दुधाचे दात आणि काळं मंजन

बाबा, आज नातीला घेऊन वर्ध्याला दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, आणि तिथल्या खुर्चीजवळ उभी असताना मला एक गोष्ट कळली. ती तुम्हाला सांगायला हवी होती. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की बोरगाव मेघेच्या या घरात तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, तेव्हा सांगून उपयोग काय, हेही कळतं. पण ती गोष्ट दिवसभर डोक्यातून हलत नाही, आणि या वयात मनात काही धरून ठेवायचं म्हटलं तरी थकायला होतं. म्हणून लिहायला बसले.

तळेगावच्या घराच्या मागच्या पडवीत तुमचा मंजनाचा कारखाना होता. बाभळीच्या सालीचा कोळसा, खडे मीठ, लवंग, कापूर. तुरटी मात्र स्वयंपाकघरात, आईच्या तव्यावर. तव्यावर ती आधी पाण्यासारखी पातळ होते, मग फुगून तिची पांढरी लाही होते, आणि मी चुलीजवळ उकिडवी बसून बघत असते. आई कुरकुरते की नंतर भाकरी तुरट लागते. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता, लोखंडी खलात सगळं कुटता, आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळता, आणि तुमचे हात कोपरापर्यंत काळे होतात. गंमत म्हणजे आईनं ते मंजन कधीच लावलं नाही. तिची आपली कडूनिंबाची काडी. तुम्ही एकदा त्यावरून तिला छेडलंत, तर म्हणाली, घरात एक गिऱ्हाईक आहे तेवढं पुरे झालं. ते गिऱ्हाईक म्हणजे मी.

आष्टीच्या बाजारात तुम्ही बारदाना अंथरायचात, त्यावर मंजनाचा काळा ढीग, बाजूला कागदाच्या पुड्या, आणि मला एका उलट्या डब्यावर बसवायचात. कुणी थांबलं की माझ्या हनुवटीखाली बोट घालून चेहरा वर करायचात. ‘हे पाहा माह्या पोरीचे दात. घरचंच मंजन लावते. तुमच्या लेकरायलेही न्या.’ बाया वाकून बघायच्या, एखादी गाल ओढायची. दात होतेही पांढरेशुभ्र. मला ते फार आवडायचं, कारण घरी तुम्ही फारसे बोलायचा नाहीत आणि बाजारात मात्र तुमचं बोट सारखं माझ्या हनुवटीला लागायचं. त्याला कापराचा वास यायचा. तुम्ही लोकांना फसवत नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तुमचा त्या मंजनावर मनापासून विश्वास होता, आणि पुरावा म्हणून मी होते.

मग माझे पुढचे दात पडले. बोळकं तोंड बाजारात नेऊन काय करणार, म्हणून काही महिने मी घरीच. नवे दात आले तेव्हा मीच तुमच्या मागे लागले की आता मला न्या. नेलंत. हनुवटी वर केलीत आणि ते ठरलेलं वाक्य म्हणालात. समोरचा एक म्हातारा शेतकरी निरखून बघत म्हणाला, ‘पोरीचे तं पिवळे हाय ना जी.’ आजूबाजूचे हसले, तुम्हीही हसलात. परतताना एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. घरी आल्यावर रांजणापाशी मला उभं केलंत आणि म्हणालात, ‘तू मंजन लावूनच नाई राह्यली.’ मी म्हटलं, लावते. ‘खोटं काऊन बोलतं? लावलं असतं तं असे दिसले असते काय?’ मी पुन्हा म्हटलं, लावते बाबा, रोज लावते. तुम्ही मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलंत आणि पाय धुवायला गेलात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सकाळी समोर उभे राहू लागलात. हिरड्यांतून रक्त येईस्तोवर मी घासायचे, काळी चूळ लाल होऊन पडायची, आणि दात होते तसेच. तुम्हाला वाटलं, आधीचा आळस आता भरून निघत नाही. मग एक दिवस तुम्ही समोर उभं राहणं सोडलंत आणि बाजाराला एकटेच जायला लागलात. ते बोट पुन्हा हनुवटीला लागलं नाही. मला ओठ मिटून हसायची सवय लागली, ती लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसते. सासरी येतानाही पुड्या घेऊन आले, आणि तुम्ही गेल्यावर तुमचा खल मागून आणून, सून घरात येईपर्यंत स्वतः कुटत राहिले. कुणाला काय दाखवून द्यायचं होतं, देव जाणे. मधे तर अशीही वर्षं गेली की मलाच वाटायला लागलं, लहानपणी आपण खरंच टाळाटाळ केली असेल.

आता नातीचं सांगते. तिचे समोरचे दोन दात नुकते आलेत, रुंद, कडेला करवतीसारखे, आणि शेजारच्या दुधाच्या दातांपुढे पिवळट. सूनबाई गुणी आहे, नोकरी सांभाळून घर ओढते. पण पोरीला शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचायचं आहे, म्हणून फोनवर बघून बघून तिचे प्रयोग सुरू झाले. कधी केळ्याच्या सालीची आतली बाजू, कधी हळद आणि खोबरेल, कधी कोळशाची पूड. बाबा, तुमचंच दुकान आहे ते, बारदान्याऐवजी फोनवर मांडलंय इतकंच. काल सकाळी लिंबू आणि खायचा सोडा लावला. पोरीचा ओठ झोंबला, ती रडायला लागली, आणि सूनबाई वैतागून म्हणाली, ‘तू नीट घासूनच नाई राह्यली.’ मी चहाची बशी खाली ठेवली. म्हटलं, ‘तिले काही बोलू नको. आधी डॉक्टरले दाखवू.’ सूनबाई बघतच राहिली, कारण मी त्या मायलेकींच्या मधे कधी पडत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी नातीच्या तोंडात छोटा आरसा फिरवला आणि म्हणाल्या, ‘पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळेच असतात. सगळ्यांचेच. आता दोन्ही शेजारी शेजारी आहेत, म्हणून जास्त दिसतं. यात पोरीचं काही चुकलं नाही.’ बाजारभाव सांगावा इतक्या सहज सांगितलं त्यांनी. मग सूनबाईनं विचारलं म्हणून बाकीचंही सांगितलं. लिंबू दाताचं वरचं कवच खातं, सोडा आणि कोळसा ते घासून काढतात. वरचा डाग निघतो, म्हणून चार दिवस उजळ वाटतं. पण कवच एकदा गेलं की परत येत नाही, आणि खालचा पिवळेपणा उलट जास्त दिसतो. मिठाच्या कोमट पाण्यानं सुजलेल्या हिरडीला आराम पडतो, लवंगेनं ठणका थोडा वेळ दबतो, कडूनिंबाची काडी मऊ चावून हलक्या हातानं फिरवली तर वाईट नाही. पण दात पांढरे करणारं यातलं काहीच नाही. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट, बस. मग त्यांनी मलाही खुर्चीत बसवलं. माझ्या दातांच्या मुळाशी खाचा पडल्या आहेत, कवच बरंचसं झिजलंय. माठातलं गार पाणी मी कितीतरी वर्षं भीत भीत पिते, त्याचं कारण हे.

नंतर बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा मला राग आला. तुम्हाला कुठून कळणार होतं, हे समजत होतं, तरी आला. मी खोटं बोलत नव्हते, बाबा. रोज लावत होते. मंजनावर एवढा विश्वास होता तुमचा, त्यातला थोडा माझ्यावर ठेवला असतात तर काय बिघडलं असतं? आई तर घरातच होती, तिला नुसतं विचारलं असतंत तरी तिनं सांगितलं असतं. पण राग फार वेळ टिकला नाही. आता रागानंही दमायला होतं. डोळ्यांपुढे तुमचे ते कोपरापर्यंत काळे झालेले हात येत राहिले, आणि एसटीच्या खिडकीकडे वळवलेली तुमची मान.

घरी आल्यावर नात आरशासमोर ओठ वर करून दात बघत होती. मी तिच्या हनुवटीखाली बोट घालून चेहरा वर केला आणि म्हटलं, ‘चांगले हायेत.’ ती पळाली खेळायला. तुमचा खल ओट्यावरच आहे, त्यात आता आलं-लसूण कुटते. मंजन काही मी पुन्हा करणार नाही. हा कागद त्या खलाखालीच घडी घालून ठेवीन, याला दुसरी जागा नाही. एक मात्र सांगून टाकते. मी खुर्चीत असताना त्या खाचा बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकी वर्षं हे कुठलं मंजन लावत होता, कोण करायचं? सूनबाई शेजारीच उभी होती. मी म्हटलं, आष्टीच्या बाजारात मिळायचं, कोण विकायचं ते आता आठवत नाही.