अखंड टाइल दाराशी

२७ एप्रिल, रविवार. रात्री

मागच्या खोलीची फरशी मी स्वतः बसवणार. आज अक्कलकोटला सासुरवाडीत, भर पंगतीत तसं जाहीर केलं आहे. आता मागे फिरता येत नाही, म्हणून लिहूनही ठेवतो.

डिसेंबरात बाळ झाल्यापासून शिवलीला माहेरीच आहे. दोघींना घरी आणावं म्हणून गेलो, तर सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, विंचवाचा विषय काढला. दिवाळीत ते आमच्या कुंभारीच्या घरी आले होते, तेव्हा मागच्या खोलीत दारापाशी जी शहाबादी चिरली आहे, तिच्या फटीतून एक विंचू बाहेर आला होता. एकच. तोही लहान. आमरसाची वाटी खाली ठेवून मामा म्हणाले, "त्या फरशीवर माझी नात रांगणार नाही. सिद्धप्पा मिस्त्रीला पाठवतो की. खर्चाचं बघू नका, जावईबापू."

साडू माझ्याकडे बघून हसला. म्हणून मी म्हणालो, मीच बसवतो. सासूबाईंची पळी तशीच हवेत राहिली.

ठरलं असं: १८ मे, रविवारी मामा दोघींना घेऊन येणार. फरशी झाली असेल तर ठेवून जाणार. नसेल तर दिवाळीनंतर बघू, म्हणाले. दिवाळीपर्यंत बाळ मला ओळखेल का, हे कोणी विचारलं नाही.

निघताना शिवलीला म्हणाली, "अहो, बघा हं." काय बघायचं ते सांगितलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

व्हिडिओ पाहिले. जुनी फरशी उखडायची गरजच नाही. तिच्यावरच टाइल चिकटवायची, त्यासाठी केमिकल मिळतं. कोणालाही एका दिवसात जमतं.

दार खोलीच्या आत उघडतं. म्हणून दाराखालची फट मोजली. टाइलची जाडी फटीपेक्षा कमी आहे. दार मोकळं फिरेल. मिस्त्री लोक एवढं आधी मोजत नाहीत, म्हणून मग त्यांचं अडतं.

२ मे, शुक्रवार

छापखान्यात रजा मागितली. मालक म्हणाले, ऐन लग्नसराईत पत्रिकांची प्रुफं कोण तपासणार. बरोबर आहे. माझ्यामुळे या वर्षी एकाही नवरीचं नाव चुकलेलं नाही. म्हणजे हाताशी फक्त रविवार. दोन आहेत. पुरेत.

टेंपोने टाइल आल्या. शेजारचे कोंडीबाकाका विचारत होते, मिस्त्री कोण हाय. मी म्हणालो, मीच. "व्हय का," म्हणाले आणि कट्ट्यावर बसले. अजून उठलेले नाहीत.

४ मे, रविवार

नळीत पाणी भरून लेव्हल काढली. चारही भिंतींवर निळ्या रेघा मारल्या. रेघा उत्तम आल्या आहेत. एवढ्यात दिवस गेला.

संध्याकाळी शिवलीलाचा व्हिडिओ कॉल. एक टाइल नुसतीच खाली ठेवली होती, तीच जवळून दाखवली. अर्धं काम झालं, म्हणालो. अर्धं काम आखणीचंच असतं, त्यामुळे हे खोटं नाही. मागून मामांचा आवाज आला, बाकीची खोली दाखवा की. तेवढ्यात रेंज गेली. म्हणजे मी घालवली.

११ मे, रविवार

टाइल कापण्याचा सराव. बऱ्याच फुटल्या. हात बसला.

आज नळाला पाणी आलं, तेव्हा अव्वाने, म्हणजे आईने, सगळ्या बादल्या भरून ठेवल्या, केमिकल कालवायची सुद्धा. बादली रिकामी कर म्हटलं, तर म्हणाली, पाणी आठवड्यातून दोनदा येतं, फरशी तुझी कधीपण होईल. म्हणून काम पुढे ढकलावं लागलं. माझ्याकडून दिरंगाई नाही.

१६ मे, शुक्रवार

मामांचा फोन. रविवारी दुपारी निघतो, सिद्धप्पा मोकळाच आहे, गाडीत घालून आणू का? मी म्हणालो, फरशी झालीच आहे. बोलून झाल्यावर खोलीत जाऊन बघितलं. निळ्या रेघा होत्या.

उद्या पोट दुखणार आहे. मालकांना आजच कळवलं.

१७ मे, शनिवार. सकाळी

रात्रभर विचार करून पद्धत ठरवली. अखंड टाइल दाराशी, कारण माणूस दारातून बघतो. कापलेले तुकडे समोरच्या भिंतीशी, ते दिवाणाखाली झाकले जातील. म्हणजे सुरुवात दारापासून करायची आणि मागे मागे सरकत जायचं. अव्वाला धुळीने खोकला येतो, म्हणून दार लावून घेतलं. मापं लिहायला ही वही जवळ ठेवली आहे.

दुपारी

पहिली रांग झाली. अशी रांग मी पैसेवाल्यांच्या घरातही पाहिलेली नाही. लावलेल्या दाराला टाइल इतकी घट्ट भिडली आहे की मुंगीला वाट नाही. विंचवाचा प्रश्नच मिटला.

दार जरा ओढून बघ, असं अव्वा बाहेरून म्हणत होती. ओल्या कामाला धक्का लावत नसतात, हे तिला समजावलं.

संध्याकाळी

फरशी पूर्ण. एका दिवसात! फक्त खिडकीखालचा कोपरा उरला आहे. त्यात मी आहे.

उद्या सकाळपर्यंत पाय ठेवू नये, असं केमिकलच्या पोत्यावर लिहिलं आहे. छापलेल्या सूचनेचा मी मान राखतो. खिडकीला गज आहेत. अव्वाने बोळातून फिरून येऊन गजांमधून भाकरी आणि शेंगाचटणी दिली. याकप्पा, का रे बाबा असलं करतोस, म्हणाली आणि डोक्यावरचा पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, गजांमुळे नीट दिसलं नाही.

पाणी बेताने पितो आहे.

कोंडीबाकाकांनी खुर्ची बोळात आणली आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी अडकलेलो नाही. काम सुकेपर्यंत राखण करतो आहे. ते म्हणाले, "व्हय की. राखण लई झ्याक चाललीया."

वीज गेली. भिंती अजून तापलेल्या आहेत.

१८ मे, रविवार. सकाळी

टाइल दगडासारख्या बसल्या आहेत. चालत दारापर्यंत गेलो. एकही हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं.

दार ओढलं. तेही हललं नाही.

टाइलच्या खाली केमिकलचाही थर असतो. तो मी मापात धरला नव्हता. दाराची खालची कड आता पहिल्या रांगेच्या मागे आहे. अगदी थोडीशीच. बिजागऱ्यांचे स्क्रू दार उघडल्याशिवाय दिसत नाहीत. चूक माझी नाही, व्हिडिओत थराचं वेगळं सांगायला हवं होतं.

माझ्याजवळ फक्त रबरी हातोडा आहे. अव्वा म्हणते, लोखंडी देऊ का. नको म्हणालो. त्या रांगेला मी लोखंड लागू देणार नाही.

दुपारी

आले. मला पुढच्या दारात उभं राहून त्यांना घरात घ्यायचं होतं. पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा अव्वाने आणला, ओवाळून टाकला. मी भिंतीआडून ऐकलं.

मग सगळे बोळात. कोंडीबाकाकांनी मामांना खुर्ची दिली आणि कालपासूनची हकिकत सांगितली, माझ्यासमोर. मामा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

शिवलीला खिडकीशी आली. बाळाने गजातून हात आत घातला आणि माझं बोट धरलं. मला वाटतं ओळखलं.

शिवलीलाने खोली नीट पाहून घेतली. म्हणाली, "फरशी चांगली झालीय की. आता मी आत कुठनं येऊ?"

मी म्हणालो, दाराचा वरचा भाग कापता येईल का, काही सुचेल, दोन दिवस द्या. तिने अव्वाच्या हातातला लोखंडी हातोडा घेतला आणि गजातून माझ्यापुढे धरला.

"फोडा."

ती दाराशी अखंड टाइल आहे, मी म्हणालो.

"तीच फोडा."

फोडली. एकीने भागलं नाही, रांगच गेली. चिकटवण्याचं काम पक्कं झालं होतं, त्यामुळे फार वेळ लागला. दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर सगळे उभे होते आणि त्यांच्या नि माझ्या मधे जुनी शहाबादी होती, तीच, चिरलेली. हातोड्याने फट जरा रुंद झाली होती.

मामांनी वाकून फट पाहिली. मग अव्वाला म्हणाले, तुम्हीपण चला, गाडीत जागा आहे. सिद्धप्पाला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

२१ मे, बुधवार. मुक्काम अक्कलकोट

पत्नी, मुलगी, आई आणि मी एका छपराखाली आहोत. हेच ठरवलं होतं. छप्पर कोणाचं, हे मी कुठेही लिहिलेलं नाही. मागची पानं तपासली.

सिद्धप्पा मिस्त्री म्हणतात, सगळं उखडावं लागेल, पण टाइल निघता निघत नाहीत. हे मामांनी पंगतीत सांगितलं, तेव्हा मी मान खाली घालून जेवत होतो. आतून बरं वाटलं.

छापखान्यात रोज सकाळच्या एसटीने जातो. पोट बरं आहे का, असं मालक विचारतात.

बाळ रात्री माझ्या पोटावर झोपतं. हलायचं नाही, असं शिवलीलाने बजावलं आहे. मी हलत नाही. त्याची सवय झाली आहे.

इथल्या न्हाणीघराचं दार खाली घासतं. कोणाला काही बोललो नाही. फक्त माप घेतलं. टेप शिवलीलाने कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे, म्हणून वितीने घेतलं.