गाडी कोणाच्या नावावर

५ मार्च २००४, शुक्रवार

पडले! कालव्याच्या वळणावर, बारीक खडीवर. मागं धुरपदाबाई, तिच्या मांडीवर लशींचा डबा. गाडी आडवी, आम्ही दोघी उसाच्या कडेला. डबा शाबूत. तिचा गुडघा सोलवटला, माझा कोपर. बाई पन्नाशीची, उपकेंद्रात माझी मदतनीस. उठली, लुगडं झटकलं आणि म्हणते कशी, "चला सिस्टर, पोरं खोळंबली असतील."

वस्तीवर जाऊन एकोणीस पोरांना टोचलं. आता कोपर वाकत नाही. अक्षर कसं आलंय!

घरी फक्त म्हटलं, गाडी जरा घसरली.

६ मार्च, शनिवार

गाडीचे कागद काढून बसले. इन्शुरन्स एकतीसला संपतोय. गेल्या वर्षी हनुमंतनं काढलेला, नुसता थर्ड पार्टी. (तोंडावर 'अहो', वहीत हनुमंत. इथं कोण ऐकतंय!) म्हणजे काल समोरून कोणी आलं असतं आणि मी त्याला धडकले असते, तर त्याची सोय होती. धुरपदाबाईची? माझी? पानभर बारीक इंग्रजी. दोनदा वाचलं, डोकं बधिर झालं.

हनुमंत ओट्यावर रबरी चेंडू घेऊन बसला होता. सप्टेंबरात कोरेगावला कंपनीत उजवा हात प्रेसखाली गेला, तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ हाच व्यायाम. बोटं आहेत, मूठ वळत नाही. चेंडू तळव्यावर बसतो आणि घरंगळतो. हा उचलतो, परत ठेवतो.

मी म्हटलं, "अहो, ह्या वर्षी फुल्ल इन्शुरन्स काढूया का?"

"कशाला? हात बरा झाला की मीच चालवणार. आठ वर्षांत माझ्या हातनं गाडी कवा पडली न्हाई."

म्हणजे माझ्या हातून पडली! बोलला नाही, पण ऐकू आलं.

आबा, माझे सासरे, आतून म्हणाले, "मेंढरामागं निम्मा जलम चाललो, कुणी इमा काढला न्हाई." आबा, तुमच्या मेंढरांना गिअर होते का?

७ मार्च

कोपर ठणकतोय. दुसरं काही नाही.

१० मार्च, बुधवार

दौंडला मीटिंग होती. सुटल्यावर इम्तियाजभाईंकडं गेले. झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात टेबल टाकून विम्याची कामं करतात. हनुमंतच्या ओळखीचे. चहा मागवला. मी सरळ विचारलं— कुठला घेऊ?

"वहिनी, थर्ड पार्टी म्हंजी रस्त्यावरच्या माणसासाठी. मागं बसलेल्याचं त्यात धरून चालू नका, कोर्टात भांडत बसावं लागतं. फुल्ल घेतला तर गाडीचं नुकसान, चोरी, सगळं आलं. मागच्या माणसासाठी वरती थोडं जादा भरायचं."

"मग फुल्लच द्या. आणि चालवणाऱ्याचं?"

"त्याचा अपघात विमा असतोच की. गाडीमालकाचा." मग चहाचा कप खाली ठेवला. "मालक म्हंजी गाडीच्या आरसी पुस्तकात नाव असंल तो. त्याच्याकडं लायसन पायजे आन् गाडी त्यानं सोता चालवायला पायजे. गाडी हनुमंतभाऊंच्या नावावर हाय. चालवता तुम्ही."

"म्हणजे मला काही झालं तर?"

"काय मिळणार न्हाई. त्यांना झालं असतं तर मिळालं असतं. पण ते चालवत न्हाईत."

मी लायसन दाखवलं. डिसेंबरात काढलं, दौंडला आरटीओच्या कॅम्पात आठचा आकडा काढून दाखवला होता, बाया बघायला थांबल्या होत्या! इम्तियाजभाई म्हणाले, "लायसनला काय धाड भरलीय? नाव बदला. गाडी तुमच्या नावावर करा, मग बिनघोर."

बिनघोर! फॉर्म पर्समध्ये घालून दिले. येताना जीपमध्ये पर्स घट्ट धरून बसले होते. जशी काही चोरी करून आणलीय.

१२ मार्च

आज नाही बोलले.

१४ मार्च, रविवार

आजही नाही. सकाळी तो डाव्या हातानं गाडी पुसत होता. टाकी, मडगार्ड, तारा एक-एक करून. लग्नाआधी घेतलेली गाडी. पगार साठवून. टाकीवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं, मी आल्यावर लाजून खरवडून काढलं.

कसं सांगू? "गाडी माझ्या नावावर करा" याचा अर्थ एकच होतो— तुम्ही आता कधीच चालवणार नाही. सहा महिन्यांत या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नाही. आबा म्हणतात देव करील. शेजारी म्हणतात मालिश करा. आणि मी? मी नर्स. नस तुटलेला हात पहिल्या महिन्यात ओळखला मी. तरी रोज चेंडू उचलून देते आणि म्हणते, कालच्यापेक्षा आज बरा वळतोय हं. खोटारडी.

पण उद्या मी कुठं पडले तर? घर माझ्या पगारावर चाललंय. हात एकाचा गेलाय, दुसऱ्याचं काही झालं तर आबांनी काय करायचं?

१८ मार्च, गुरुवार

बोलले. वाईट बोलले.

जेवण वाढता वाढता तोंडातून निघालं— "गाडी माझ्या नावावर करावी लागेल. इन्शुरन्ससाठी."

त्याचा घास तसाच राहिला. "का? मी मेलो का?"

"असं काय बोलताय! इम्तियाजभाई म्हणाले—"

"इम्तियाज म्हणाला! समद्या तालुक्याला विचारून आलीस, मग मला कशाला विचारती?"

ताट सरकवून उठला आणि रानात गेला. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. डाळ ढवळत बसले. मीसुद्धा जेवले नाही.

फॉर्म कपाटावर ठेवलेत. दिसतील असे.

२१ मार्च, पाडवा

गुढी आबांनी उभारली. पोळ्या केल्या. फॉर्म कपाटावर तसेच.

२५ मार्च, गुरुवार

धुरपदाबाईला मागं बसवत नाही हल्ली. चालत जातो दोघी, डबा आळीपाळीनं. आज तीन वस्त्या झाल्या, चौथी राहिली. ऊन मरणाचं.

ती कुरकुरली, "गाडी हाय आन् पायी! सिस्टर, मी न्हाई भ्याले, तुमी का भेताय?"

काय सांगू तिला? तुझा गुडघा फुकटात सोलला गेला, डोकं फुटलं असतं तर तेही फुकटच, हे सांगू? म्हटलं, एकतीस तारखेपर्यंत थांब.

झोप नाही. जेवताना लक्ष नाही. एका बाळाच्या कार्डावर उद्याची तारीख घातली.

२८ मार्च, रविवार

सकाळी फॉर्म कपाटावर नव्हते. फाडले?

ओट्यावर आले तर हनुमंत पाटावर पेपर अंथरून बसलेला. डाव्या हातात पेन. पेपरच्या कडेला स्वतःची सही गिरवत होता. ह. कोळपे. ह. कोळपे. पहिलीच्या पोरासारखी. पंचवीस-तीस तरी असतील.

वर न बघता म्हणाला, "उद्या रजा टाक. सकाळच्या शटलनं पुण्याला जायचंय."

मी आत जाऊन चूल फुंकत बसले. चूल पेटलेलीच होती.

२९ मार्च, सोमवार

आरटीओत दोन तास रांग. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म बघितला, जुना कागद बघितला. "सही जुळत नाही. मालक कुठे आहेत?"

"मीच मालक."

"मग सही अशी कशी?"

मी पुढं सरकणार, तेवढ्यात त्यानं उजवा हात खिशातून काढला. घरातही तो खिशातच असतो, चेंडूची वेळ सोडली तर. खिडकीच्या फळीवर ठेवला. "हात गेला, बाई. कंपनीत. आता सही हीच. गाडी बायकोच्या नावावर करायचीय, चालवती ती."

रांगेतली सगळी बघत होती. बाईंनी ओळखपत्र बघितलं, समोर दोन सह्या करून घेतल्या, शिक्का मारला. पावती दिली. झालं!

येताना रेल्वेत खिडकीपाशी बसला होता. उरुळी गेल्यावर म्हणाला, "फुल्लच काढ. धुरपदाबाईचं पण घाल त्यात." मी म्हटलं, हो.

सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं— हात गेला. माझ्यामुळं म्हणावं लागलं त्याला. चारचौघांत. दिवसभर तेच डोक्यात फिरतंय. एका कागदापायी त्याची आशा मोडली मी.

३१ मार्च, बुधवार

पॉलिसी मिळाली. प्रतिभा हनुमंत कोळपे. मागच्या सीटसकट.

निघताना इम्तियाजभाई म्हणाले, "बरं झालं वहिनी, भाऊ शेवटी बोलले तुमच्याशी."

म्हटलं, ते कुठं, मीच बोलले.

त्यांनी पावतीबुक मिटलं. मग म्हणाले, हनुमंतभाऊ फेब्रुवारीतच येऊन गेले. एकटे. तुम्ही विचारलं तेच विचारलं— बायको चालवती, तिला काय झालं तर? मी सांगितलं, नाव बदला. मग लई वेळ बसून राहिले इथंच, खुर्चीवर. जाताना म्हणाले—

"हात येणार न्हाई, इम्तियाज. डॉक्टरनं मला दिवाळीतच सांगितलंय. पण तिला अजून आशा हाय. तिला कसं सांगू?"